प्रार्थना, निकाल आणि मुख्याध्यापकाची खुर्ची : आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
सप्रेम नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आमच्या शाळेच्या परिपाठातून प्रभूची प्रार्थना गेली आणि तिच्या जागी संविधानाची उद्देशिका आली, असे तुमच्या कानावर आले. आणि अशा शाळेची मुख्याध्यापिका होऊन मी काय साधणार, असे तुम्ही विचारलेत. ज्या माणसाने आठवडाभर मिशनच्या शाळेत गणित शिकवले आणि रविवारी मिस्सेच्या उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात लेकरांना धर्मशिक्षण दिले, त्याने हे विचारणे रास्तच आहे. तुमच्यापुढे मला ही गोष्ट गुळमुळीत शब्दांत मांडायची नाही.

आधी काय घडले ते सांगते. परिपाठात प्रार्थना आजही आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि उद्देशिका झाल्यावर सर्व धर्मांच्या मुलांना म्हणता येईल अशी एक प्रार्थना होते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मात्र ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाच्या तासाला म्हणतात, त्या वेळी बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. उद्देशिकेचे सामूहिक वाचन राज्य शासनाने २६ जानेवारी २०२० पासून शाळांमध्ये सुरू केले हे खरे, पण हा बदल केवळ सरकारच्या धाकाने झाला असे समजू नका. एप्रिल २०२४ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच आपल्या शाळांना सूचना दिल्या की रोज सकाळी उद्देशिका म्हणावी, अन्य धर्मांच्या विद्यार्थ्यांवर आपल्या परंपरा लादू नयेत, आणि शक्य असेल तिथे आवारात सर्वांसाठी प्रार्थनेची खोली ठेवावी. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदात तर पहिल्यापासूनच लिहिले आहे की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील मुलाला त्याच्या, आणि ते अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. तुमच्या वर्गातल्या मराठ्यांच्या आणि मुसलमानांच्या पोरांना तुम्ही कधी क्रूसाची खूण करायला लावली नाही, मग कलम पाठ असो वा नसो.

तेव्हा प्रार्थनेची मला फारशी काळजी नाही. शाळेची श्रद्धा मला दुसरीकडे पातळ होताना दिसते, आणि ती जागा निकालाची आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर मराठवाड्यात शाळांचे वारे किती बदलले याची तुम्हाला कल्पना असेलच. लातूर पॅटर्नचा बोलबाला झाला, गावोगाव इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या, त्यातल्या निम्म्यांच्या पाट्यांवर 'कॉन्व्हेंट' हा शब्द चढला, मग तिथे सिस्टर असोत वा नसोत. दहावीचा निकाल लागला की चौकाचौकात 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा कायम' असे फलक झळकतात. आमच्याही दारात तो लागतो. तो लागावा म्हणून नववीच्या अखेरीस काय चालते ते आता मी पर्यवेक्षिका म्हणून जवळून पाहते. गणित-इंग्रजीत पस्तीस गुणांच्या आसपास घुटमळणाऱ्या मुलांच्या पालकांना बोलावले जाते, आणि मुलाने दहावीला बाहेरून बसावे, सतरा नंबरचा फॉर्म भरावा, म्हणजे त्याच्यावर ताण येणार नाही, असे अत्यंत सौम्य स्वरात सांगितले जाते. मूल शाळेच्या यादीतून जाते आणि शंभर टक्के शाबूत राहतात. यात कुठलाही कायदा मोडत नाही, आवाजही चढत नाही, आणि बैठकीची सुरुवात बहुधा प्रार्थनेने होते.

यंदा अशा यादीत एका ऊसतोड कुटुंबातली मुलगी होती. आई-बाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन टोळीबरोबर कारखान्यावर जातात, धाकट्या भावंडांसाठी हिलाही नेतात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. हजेरीपटात तिच्या नावापुढे मधले सगळे महिने गैरहजेरीचे. तिची गणिताची वही मी मागवून घेतली. पुढून पाहिली तर बैजिक राशींपर्यंतची चार-सहा पाने आणि पुढे कोरी. मागून उघडली तर तारीखवार गाड्यांची वजने, टन आणि क्विंटलमध्ये, प्रत्येक खेपेचा दर लावून केलेला गुणाकार, पंधरवड्याची बेरीज आणि तिच्यातून वजा केलेली उचल. दोन ठिकाणी तिने मुकादमाचा आकडा लिहून त्यावर काट मारली होती आणि शेजारी आपला आकडा लिहिला होता. मी ते सगळे करून पाहिले, तिचेच बरोबर होते. वर्गशिक्षिकेचे म्हणणे होते की ही मुलगी दहावीत गणितात नक्की राहणार.

बाबा, आपल्या आजोबांना गावच्या शाळेत बाहेर बसवत, आणि अक्षर-अंकांची ओळख त्यांना मिशनच्या शाळेत झाली, हे तुम्हीच आम्हाला सांगत आलात. घोगरगावच्या जाकियर फादरांचे नाव आपल्याकडे अजून लोक आदराने घेतात ते काही निकालाच्या टक्केवारीसाठी नव्हे. फ्रान्समधल्या ॲनेसीत १८३८ मध्ये संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने निघालेल्या मिशनरी संघाचा हा माणूस इथल्या उन्हात येऊन राहिला तो ज्यांना कोणी दारात घेत नव्हते त्यांच्यात. त्याच परंपरेतली शाळा ऊसतोड कामगाराच्या मुलीला हळूच दाराबाहेर सरकवत असेल, तर परिपाठात प्रभूची प्रार्थना रोज झाली तरी माझ्या लेखी ती शाळा कॅथलिक उरत नाही.

तुम्ही म्हणाल, मग अभ्यासाकडे दुर्लक्ष करायचे काय? मुळीच नाही. चर्चच्या धर्मनियमसंहितेत ८०६ क्रमांकाचा नियम आहे. कॅथलिक शाळेतील शिक्षणाचा दर्जा त्या भागातील इतर शाळांच्या निदान बरोबरीचा राहील, हे पाहण्याची जबाबदारी त्यात शाळेच्या प्रमुखांवर टाकलेली आहे. मला हा नियम फार आवडतो, कारण त्याने ढिलाईला धार्मिकतेच्या पदराआड लपू दिलेले नाही. पण दर्जा म्हणजे शिकवण्याचा दर्जा. कच्ची मुले गाळून पक्क्यांचा निकाल लावण्यात शिक्षकाचे कसब कुठे आले?

याच संदर्भात एक वाद सध्या शिक्षक-दालनात रोज रंगतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक ठरवली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्याची वाट धरली. आमच्याकडे अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला की आपण अल्पसंख्याक, आपल्याला नाही. मला ही सुटका मानवत नाही. अनुच्छेद ३० ने आपल्याला शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, तो पोरांना चांगले शिकवण्यासाठी. परीक्षा चुकवण्यासाठी दिलेला नाही. वीस वर्षे उत्तम शिकवणाऱ्या बाईंना उतारवयात परीक्षेला बसवणे अन्यायाचे आहे, हेही मला पटते, आणि त्यांच्यासाठी मी भांडेन. पण नव्याने रुजू होणाऱ्यांकडून मी ती परीक्षा मागेनच, न्यायालय काहीही ठरवो.

तेच प्रवेशाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले, म्हणून दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के जागा आमच्यावर बंधनकारक नाहीत. कायद्याने सूट दिली, ती शुभवर्तमानाने दिलेली नाही. एवढेच लिहिते, कारण यावर तुमचे-माझे दुमत असण्याचे कारण नाही.

आई, तू वेगळेच विचारलेस. आजवर ज्या खुर्चीत फादर किंवा सिस्टर बसत आले तिथे एक संसारी बाई बसली तर लोक ऐकतील का, आणि फादरांना ते रुचेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही, ऐकायला लावावे लागेल. दुसऱ्याबद्दल सांगते. चर्चच्या नियमात मुख्याध्यापक धर्मगुरूच असावा असे कुठेही नाही, तो प्रघात आहे. व्हॅटिकनने १९८२ मध्ये शाळांतील प्रापंचिक कॅथलिकांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला, त्यात शिक्षकाला श्रद्धेचा साक्षीदार म्हटले आहे, फादरांचा मदतनीस नव्हे. सरकारी बाजूनेही अडचण नाही. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्याने अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आणि आणखी तिघांपर्यंत माणसे आपल्या पसंतीने निवडण्याची मुभा ठेवली आहे, आणि प्रमुख निवडण्याचा हक्क हा अनुच्छेद ३० चा गाभा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे. म्हणजे ज्येष्ठतेची यादी बाजूला ठेवून संस्था हवे ते माणूस बसवू शकते. एवढी मोकळीक हाती असताना ती कोणासाठी वापरली जाते यावरून संस्थेची पारख होते. मर्जीतला माणूस बसवायलाही अशीच मोकळीक उपयोगी पडते, हे तू गावच्या पंचायतीत पाहिलेच आहेस.

फादर बदलून जातात, हेही लक्षात घे. एक येतात ते संगणक-कक्ष उभा करतात, दुसरे येतात ते बँडपथक, तिसरे रंगरंगोटी काढतात, आणि शिकवण्याची घडी दर वेळी नव्याने बसवावी लागते. शाळेची स्मृती टिकते ती शिपाईमामा, लिपिक आणि माझ्यासारख्या बायांकडे. त्यांच्यापैकी कोणाला तरी एकदा निर्णयाचा अधिकार द्यावा, असे आत्ताच्या मॅनेजर फादरांना मनापासून वाटते, आणि म्हणून त्यांनी माझे नाव धर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेकडे पाठवले आहे.

बाबा, धर्मशिक्षणाबद्दल तुमचा सल्ला मला हवा आहे, कारण तिथे माझे ज्ञान अपुरे पडते. राज्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आत, मराठवाड्यात तर मिठापुरते. शाळेतली आपली लेकरे शोधायची म्हटली तर जनरल रजिस्टर उपयोगाचे नाही. मिस्सेला पहिल्या ओळीत बसणाऱ्या किती कुटुंबांच्या मुलांच्या दाखल्यावर काय लिहिलेले असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताची अनुसूचित जातीची सवलत जाते, आणि शिष्यवृत्तीवाचून ज्याचे शिक्षण थांबेल त्या बापाने दाखल्यात बदल केला नाही तर मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. पण त्यामुळे धर्मशिक्षणाच्या तासाला नाव पुकारून मुले उठवता येत नाहीत. काही पोरे मूल्यशिक्षणाच्या वर्गात मान खाली घालून बसतात. तुम्ही रविवारचा वर्ग कोणाचेही नाव न विचारता चालवत होता. दाराशी उभे राहिलेल्याला आत घेत होता, आणि तरी प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी झालेली मुले तुम्हाला बरोबर ठाऊक असत. ते कसे जमत होते, ते मला सविस्तर लिहून कळवा. शाळेचा तास तसा ठेवता येईल का, की तो पूर्णपणे चर्चमध्ये हलवावा आणि शाळेने त्यातून अंग काढावे, यावर माझे मत अजून होत नाही.

मॅनेजर फादरांना मी सांगितले आहे की पद स्वीकारीन, पण सतरा नंबरच्या फॉर्मची शिफारस शाळेकडून एकाही पालकाला केली जाणार नाही, निकाल नव्वदवर आला तरी फलक तेवढ्याचाच लागेल, आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले हंगामात गावी राहावीत म्हणून बोर्डिंगमध्ये त्यांच्यासाठी जागा ठेवल्या जातील. फादर हसले आणि म्हणाले की पहिल्या वर्षी प्रवेश घटतील. घटतीलही. त्या मुलीला दहावीच्या तुकडीत ठेवून घेतले आहे; तिची आई दोनदा येऊन विचारून गेली की फी कोण भरणार, त्याची तजवीज अजून पूर्ण झालेली नाही.

संस्थेची बैठक मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. त्याआधी तुमचे पत्र पोचावे. फोनवर बोललात तर आई मधेच जेवणाचे विचारते आणि मुद्दा राहून जातो. बाबांनी डोळ्यांच्या तपासणीची तारीख पुन्हा पुढे ढकलू नये, आणि आईने गुडघ्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नये.

तुमची लेक