प्रयोग झाल्यावर बोलत जा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टपाल खात्यातली नोकरी सांभाळून सव्वीस वर्षं मी हौशी रंगभूमीवर काम करते आहे. हल्ली प्रयोगानंतर प्रेक्षक रंगपटात येतात, सेल्फी काढतात, ‘छान झालं’ म्हणतात आणि जातात. त्याबद्दल हे पत्र.

सहा वर्षांपूर्वी भरत नाट्य मंदिरात आमचा प्रयोग होता. मी खाष्ट सासू. दुसऱ्या अंकात सुनेच्या हातातला लाडवांचा डबा काढून घेताना माझं एक वाक्य होतं, त्यावर हमखास हशा यायचा. त्या रात्री टाळ्याही पडल्या. नंतर मेकअप उतरवून मी बाहेर रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी एक वयस्कर काकू होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. आपणहून म्हणाल्या, “नाटक बरं होतं हो, पण ती सासू सुनेशी भांडताना सारखी आमच्याकडे काय बघत होती?”

मी “हो का?” एवढंच म्हणाले. दोन दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. टाळ्या काय उगाच पडतात? तिसऱ्या दिवशी तालमीत दिग्दर्शकाला विचारलं. तो म्हणाला, “मावशी, तुम्ही तिथे हशासाठी थांबता.” म्हणजे त्या वाक्याला रंगमंचावर सासू नसायचीच, टाळी मागणारी मी असायचे.

पुढच्या प्रयोगात सुनेच्या हातांवरून नजर हलवली नाही. हशा आला नाही. त्या शांततेत फार एकटं वाटलं. नंतर रंगपटात एक लहान मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत राहिली, जवळ यायलाच तयार नाही. इतकी मोठी पावती मला कधी मिळाली नव्हती.

निळूभाऊ फुल्यांना बघून गावोगावच्या बायका बिचकायच्या, शिव्या द्यायच्या. माणूस मात्र सेवादलात घडलेला, अत्यंत साधा. शिवी भूमिकेला आहे हे नटाला पटकन कळतं. टाळीसुद्धा भूमिकेलाच असते, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

जंगली महाराज रस्त्यावर १९६८पासून ज्यांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहे, ते बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. मायबापांनी कौतुक करावं, तसा कानही धरावा. फोटो जरूर काढा, पण काय खटकलं तेही सांगा.

त्या काकूंना, ती सासू मीच, हे सांगायचं राहून गेलं. त्या हे वाचत असतील तर त्यांनी पुन्हा प्रयोगाला यावं आणि या वेळी आत येऊन भेटावं.

आपली,
एक हौशी अभिनेत्री,
सदाशिव पेठ, पुणे