जबडा समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

परवा आमच्या विभागात जबड्याचं संगणकीय मॉडेल दाखवलं. घास चावण्याची हालचाल पडद्यावर नीट दिसली आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्या कौतुकात तुमचा वाटा किती मोठा आहे, हे जाहीरपणे सांगावं म्हणून हे पत्र.

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, तुम्ही तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जन. तरीही ओपीडी संपल्यावर तुम्ही मला वेळ देत राहिलात. पहिल्याच भेटीत कानापुढे दोन बोटं ठेवून सावकाश तोंड उघडायला लावलंत. आधी सांधा जागच्या जागी फिरला; मग तोंड आणखी उघडलं तसं बोटाखालचं हाड पुढे आणि खाली सरकलं. "ही दाराची बिजागरी नाही. फिरणं आणि घसरणं दोन्ही हवं," तुम्ही म्हणालात. मग दात आवळून कानशिलावर हात ठेवायला सांगितलंत. टेम्पोरॅलिसचे, म्हणजे कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूचे, पुढचे तंतू जबडा वर ओढतात, मागचे मागे खेचतात. म्हणून मॉडेलमध्ये त्या एका स्नायूचे वेगवेगळे भाग केले.

पण सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तुमचा एक प्रश्न: "तू आत्ता काहीच करत नाहीयेस, मग जबडा लोंबत का नाही?"

स्नायू आकुंचन पावताना किती जोर लावतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्या 1938 च्या कामापासून समीकरणात मांडता येतं. मात्र स्नायू नुसता ताणला गेला तरी विरोध करतो, आणि जबड्याच्या बाबतीत हा ताण फार महत्त्वाचा. तो कमी धरला की साधारण 200 ग्रॅमचा जबडा खाली पडतो; जास्त धरला की तोंड पुरेसं उघडतच नाही. मधली जागा शोधण्यात आमचे कितीतरी आठवडे गेले. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या ॲलन हॅनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे शोधनिबंध तुम्हीच हातात ठेवलेत. तिथेच तयार झालेल्या 'आर्टिसिंथ' या सॉफ्टवेअरवर आमचं मॉडेल उभं आहे. इतकी मेहनत करून लोकांनी ते सर्वांना फुकट वापरू दिलं, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

रुग्णांची परवानगी घेऊन, नावं काढून तुम्ही सीटी स्कॅन मिळवून दिलेत. त्यासाठी एथिक्स कमिटीपुढे तुम्ही स्वतः बोललात, हे मला नंतर कळलं.

गुटखा-तंबाखूमुळे जबड्याचा तुकडा काढावा लागलेली माणसं तुम्ही रोज पाहता. एका बाजूचं हाड आणि स्नायू गेले की हनुवटी त्या बाजूला वळते, उरलेले दात एकमेकांवर बसत नाहीत, साधी भाकरी चावणं अवघड होतं. हाड पुन्हा जोडलं तर काय फरक पडतो, हे हॅनम यांच्या गटाने 2010 मध्ये मॉडेलवर तपासलं. आपल्याकडच्या रुग्णांसाठी असं काम व्हायलाच हवं, हे तुमचं म्हणणं आता माझंही झालं आहे.

एका बाजूचे स्नायू काढलेलं मॉडेल होत आलंय. दिवाळीनंतर लॅपटॉप घेऊन येतो. उरलेल्या मॅसेटरमध्ये, म्हणजे गालातल्या चावण्याच्या स्नायूमध्ये, किती जोर धरायचा, ते तुम्ही बघून सांगा.

आपला कृतज्ञ,
मेकॅनिकलचा विद्यार्थी