पोर्तुगीज पासपोर्ट, भारतीय जोडीदार

महोदय,

पोर्तुगीज पासपोर्टवर आयर्लंड किंवा जर्मनीला निघालेल्या अनेक गोवेकरांचे पती वा पत्नी भारतीय नागरिकच असतात. त्यांना सर्रास पर्यटक व्हिसा काढायला लावतात, हे साफ चूक आहे. युरोपीय संघाच्या २००४/३८ या निर्देशानुसार, संघातल्या देशाच्या नागरिकासोबत किंवा मागाहून जाणाऱ्या जोडीदाराला प्रवेश व्हिसा विनाशुल्क आणि लवकर मिळायला हवा. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) व्हिसाच्या अर्जातले तारांकित रकाने त्याने भरायचेच नसतात. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तिथला अर्ज वेगळा; हक्क मात्र तोच.

मुक्काम तीन महिन्यांहून जास्त असेल, तर तिथे पोहोचून जोडीदाराने निवासपत्रासाठी (रेसिडेन्स कार्ड) अर्ज करावा. पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि नागरिकाच्या नोकरीचा किंवा नोंदणीचा पुरावा जोडावा. पोच तिथल्या तिथे मागून घ्यावी. कार्ड देण्यास कार्यालयाला सहा महिन्यांची मुदत असते.

घोडे अडते ते बहुधा विवाहाच्या दाखल्यावर. गोव्यातल्या दाखल्यावर एक स्पेलिंग, पोर्तुगीज कागदांवर दुसरे, आडनाव लग्नानंतर बदललेले. परक्या अधिकाऱ्याला ही दोन माणसे वाटतात. म्हणून दुरुस्ती इथेच उरकावी आणि मगच दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र, घ्यावे (जर्मनी मात्र भारतीय अपोस्टिल मानत नाही; तिथली पद्धत जर्मन दूतावासाकडे विचारावी). उलट क्रमाने केल्यास अपोस्टिलचा खर्च पुन्हा पडतो.

हा निर्देश नागरिक स्वतःच्या देशाबाहेर राहतो तेव्हाच लागू होतो. थेट लिस्बनला जाणाऱ्यांनी पोर्तुगालचा कायदा पाहावा. ब्रिटनला नव्याने जाणाऱ्यांसाठी २०२० अखेरीस ही वाट बंद झाली. तसे आश्वासन देणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नये.

– एक वाचक, मडगाव