बेलफास्टहून पत्र

बेलफास्ट,
मंगळवार रात्र

प्रिय अवी,

आज दिवसभर भिंतीच्या कडेकडेने फिरलो. डोक्यातून जात नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो.

ही दोन देशांमधली भिंत नव्हे, उत्तर आयर्लंडच्या या राजधानीतल्याच दोन वस्त्यांमधली. अलीकडे फॉल्स रोड, तिथे मुख्यतः कॅथलिक, ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक व्हावं असं मानणारे. पलीकडे शँकिल रोड, तिथे प्रोटेस्टंट, ब्रिटनशी नातं तुटू नये म्हणणारे. मध्ये कपर वे नावाचा रस्ता आणि त्याला लागून भिंत. खाली काँक्रीट, वर पत्रा, त्याच्याही वर जाळी. दगड वरून येतच राहिले, म्हणून ती चढत गेली.

जवळच बॉम्बे स्ट्रीट आहे. हो, बॉम्बेच! पाटी वाचून मी थांबलोच. ऑगस्ट 1969च्या दंगलीत या गल्लीतली बहुतेक घरं जाळली गेली. पुढे ती पुन्हा उभी राहिली, पण भिंत थेट त्यांच्या परसामागे. परसावर छपरासारखा जाळीचा पिंजरा बसवलाय, वरून काही पडलं तर अडावं म्हणून. मागचं दार उघडलं की आभाळ चौकटीचौकटीचं दिसतं. एका पिंजऱ्याखाली लहान मुलाचे कपडे वाळत होते.

1969मध्ये ब्रिटिश लष्कराने पहिले अडसर उभारले, तेव्हा ते अगदी तात्पुरते आहेत असं इथल्या लष्करी तुकड्यांच्या सेनापतींनीच सांगितलं होतं. 1998मध्ये दोन्ही बाजूंतला हिंसाचार थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला. तोवर तीन दशकांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली होती. करारानंतरही भिंती हलल्या नाहीत. 2023पर्यंत सगळ्या काढू असं इथल्या सरकारने 2013मध्ये जाहीर केलं, तेही तसंच राहिलं. एप्रिल 2021मध्ये याच भिंतीतल्या लानार्क वेच्या फाटकापाशी पुन्हा दगड आणि पेट्रोलबॉम्ब उडाले, बस पेटवली गेली.

भिंतीलगत राहणाऱ्या एका आजींना मी विचारलं, ही पाडावी असं तुम्हाला वाटतं का? त्या म्हणाल्या, "माझी झोपायची खोली त्या बाजूला आहे. एक रात्र तिथे झोप आणि मग विचार." अवी, त्यांना काही सुचवायचा हक्क मला नाही. ती भीती खरी आहे, घर जळताना पाहिलेल्या पिढीची आहे.

पण दहा वर्षांच्या पोराला ती भीती कुठून मिळते? त्याने तर काहीच पाहिलेलं नाही. मला राग येतो तो इथे. उत्तर आयर्लंडमध्ये आजही बहुतेक मुलं आपापल्या समाजाच्या शाळेत जातात, दोन्हीकडची मुलं ठरवून एकत्र शिकवणाऱ्या शाळांत दहातलं एकसुद्धा नसतं. अशी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, 1981मध्ये पालकांनीच काढली, अवघ्या 28 मुलांवर. बाहेर गोळीबार चालू असताना! त्या आईबापांचं मला फार कौतुक वाटतं. भिंत पाडायचं काम खरं तर त्यांनीच हाती घेतलं, आणि बाकीच्यांनी ते त्यांच्यावरच सोडून दिलं.

उद्या अलेक्झांड्रा पार्क पाहीन. आयर्लंड एक व्हावं म्हणून लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रसंधी जाहीर झाली, आणि त्याच सुमारास, सप्टेंबर 1994मध्ये, ती बाग मधोमध भिंत घालून दुभागली. 2011पासून त्या भिंतीतलं एक फाटक दिवसा उघडतात. पोरं खेळायला इकडून तिकडे जातात का, ते मला बघायचंय.

तू इतकी वर्षं वर्गात उभा राहतोयस. दोन्हीकडची पोरं पहिल्यांदा एका वर्गात आली, तर पहिल्या आठवड्यात तू त्यांच्याकडून काय करून घेशील? सविस्तर लिही.

तुझाच,
मधू