तिकिटावरचे शुल्क आणि विमानतळावरचा चहा

महोदय,

'विमानतळावरचे प्रवासी शुल्क ही लूट आहे, ते रद्दच करा' अशा आशयाचे पत्र याच सदरात वाचले. चीड समजते, पण नेम चुकला आहे.

तिकिटात भाड्याखाली दोन ओळी असतात. एक विमान सुरक्षा शुल्काची, देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये. हा पैसा विमानतळाचा नव्हे, सुरक्षेचा. दुसरी ओळ 'यूडीएफ'ची, म्हणजे वापरकर्ता विकास शुल्काची. टर्मिनल आणि धावपट्टीत गुंतवलेले पैसे, त्यावरचा परतावा आणि रोजची देखभाल यांतून हा दर निघतो. वर्षाला ३५ लाखांहून जास्त प्रवासी असलेल्या विमानतळांसाठी तो 'एरा' ही नियामक संस्था ठरवते. हे शुल्क काढले, तर खर्च सरकारी तिजोरीवर पडणार. म्हणजे जन्मात विमानात न बसलेल्या माणसाच्या खिशातून जाणार. ते मला तरी पटत नाही.

गोम वेगळीच आहे. दुकाने, खानपान, जाहिरातीचे फलक, वाहनतळ यांतूनही विमानतळाला भरघोस उत्पन्न मिळते. शुल्क ठरवताना त्यातले फक्त ३० टक्के वरच्या खर्चातून वजा धरतात, उरलेले चालकाकडे राहतात. २०१६च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने हेच सूत्र सगळीकडे लागू केले. धंदा वाढवायला चालकाला हुरूप यावा, हे त्यामागचे कारण. पण सुरक्षा तपासणी ओलांडून आत अडकलेल्या, बाहेर जाऊ न शकणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा विकायला कसली हिकमत लागते? त्या चहाचे दर पाहून आमच्या सौभाग्यवती आता घरून दशम्या बांधून घेतात, ही गोष्ट निराळी.

आम्हा कोल्हापूरकरांनी मात्र जरा जपूनच बोलावे. ८०पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क माफ आहे, आणि आमच्याकडे येणाऱ्या विमानांत अशी छोटी विमाने बरीच. तेवढ्या मिळकतीवर मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेले नवे टर्मिनल उभे राहते थोडेच! मुंबई विमानतळाच्या एकूण उत्पन्नातला ३८.७ टक्के वाटा करारानुसार भारतीय विमानतळ प्राधिकरणाला मिळतो, आणि कोल्हापूरचा विमानतळ त्याच प्राधिकरणाचा. थोडक्यात, मुंबईत कुणी महागडा चहा पितो तेव्हा त्यातले दोन घोट आमच्याही वाट्याला येतात. 'उडान' या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या स्वस्त तिकिटांचेही तेच. त्यांची तूट भरून काढणाऱ्या निधीसाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी होते आणि २० टक्के भार राज्य सरकार उचलते.

म्हणून शुल्क रद्द करण्याऐवजी ३० टक्क्यांची ही मर्यादा वाढवा, अशी मागणी आपल्या खासदारांनी संसदेत लावून धरावी. आणि प्रत्येक टर्मिनलमध्ये, जाहिरातींच्या गर्दीत का होईना, वर्षाच्या जमाखर्चाचा एक फलक लावावा. ग्रामपंचायतीचा हिशेब ग्रामसभेत वाचला जातो, मग विमानतळाचा का नको?

आपला,
एक निवृत्त लेखापाल, कोल्हापूर