जमिनीखालचे सैनिक आणि आपले तारवटी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धावरील आपल्या रविवार पुरवणीतला लेख माहितीपूर्ण होता. मात्र सेनापतींच्या डावपेचांत जमिनीखाली लढलेला खाण कामगार राहून गेला, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल, बेंडिगो यांसारख्या खाणगावांतील, पिढ्यान् पिढ्या खाणीवरच पोट असलेल्या घरांतील तरुण बोगदे खणणाऱ्या तुकड्यांत भरती झाले. त्यांतल्या पहिल्या तुकडीने नोव्हेंबर १९१६ मध्ये बेल्जियममधील 'हिल ६०' या टेकडीखालचे बोगदे ताब्यात घेतले. गोव्यातल्या डिचोली-सांगेच्या आपल्या खाणी उघड्यावरच्या. हिल ६० खाली मात्र निळ्या चिकणमातीत पाणी उपसत, हवा खेळती ठेवत आणि पलीकडून खणत येणाऱ्या जर्मनांच्या हालचालीचा कानोसा घेत महिनोन् महिने काढायचे होते. ७ जून १९१७ च्या पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी मेसिनच्या आघाडीवर जर्मन ठाण्यांखाली बोगद्यांतून पेरलेले १९ सुरुंग उडाले, त्यांतले हिल ६० जवळचे दोन याच तुकडीच्या कॅप्टन ऑलिव्हर वुडवर्ड यांनी उडवले. वुडवर्डही खाणीतलेच.

तो विजय पाहायला सगळे उरले नव्हते. २५ एप्रिल रोजी तुकडीच्या भुयारी ठाण्यात स्फोटक साहित्याची तपासणी सुरू असताना स्फोट होऊन १० जण दगावले. शत्रूची गोळी नव्हे, खाणीतल्यासारखाच अपघात. अशा सैनिकांच्या घरी मृत्यूची बातमी बहुधा गावचा धर्मगुरूच घेऊन जाई. मागाहून पत्रे, फोटो अशा किडुकमिडुक वस्तूंचे पुडके येई. समाधीशिळेवर कोरायच्या ओळीसाठी कुटुंबाला ६६ अक्षरांची मुभा होती, त्यात जुळवाजुळव करणाऱ्या आईवडिलांची कल्पनाही करवत नाही.

त्या देशाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातील सैनिकांचे सेवा-कागद इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. भरतीच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात 'खाण कामगार' असा शब्द दिसतो आणि माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश जहाजांवर राबलेल्या गोव्याच्या तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, नशिबी असा सहज सापडणारा कागद क्वचितच. जे बुडाले, त्यांतल्या अनेकांची नावे घराण्यांच्या आठवणींत आणि चर्चच्या वह्यांत विखुरलेली आहेत. पुराभिलेख खात्याने सासष्टी, बार्देश आणि मुरगाव या तालुक्यांपासून सुरुवात करून ती एकत्र करावीत आणि त्याआधी वाचकांनी आपल्या घरातील जुनी कागदपत्रे व जहाजावरची ओळखपत्रे जपून ठेवावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डिचोली