बादलीचा आवाज

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

कापसाचा पहिला वेचा काल झाला. माल ओला आहे, ओसरीत पसरून ठेवला आहे, आणि शेजारी बसून हे लिहितो. फोनवर तुझी आई मधेच बोलते, म्हणून कागद घेतला.

तू पाठवलेला मेसेज तीनदा वाचला. 'आतड्याला सूज असणाऱ्या पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका पाचपट.' खाली तुझं एकच वाक्य, बाबा, लगेच तपासा. तपासलं. पीएसए, म्हणजे रक्तात दिसणारा प्रोस्टेटचा आकडा, 4.6 आला. चारपर्यंत ठीक धरतात. आता घाबरू नको, पुढचं वाच.

तीस वर्षं पोरांना अपूर्णांक शिकवले, त्यामुळे पाचपट म्हटलं की मी आधी विचारतो, कशाच्या? डॉक्टर भला माणूस, त्यानं मुळापासून सांगितलं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पाहणी, 2018 ची. आतड्याच्या सुजेचा आजार असलेले 1,033 पुरुष, नसलेले 9,306, अठरा वर्षांचा हिशोब. दहा वर्षांत कॅन्सर निघाला तो आजारवाल्यांत शंभरी 4.4 जणांना, बाकीच्यांत 0.65. म्हणजे माझ्यासारख्या शंभरातल्या पंच्याण्णवांना तो निघालाच नाही. हे त्या मेसेजात नव्हतं. पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत तर माझ्यासारख्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांत, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा असणाऱ्यांत, धोका दीडपटीच्याच आसपास दिसला. धोका खोटा नाही, पण मेसेजवाल्यानं त्याला पोळ्याच्या बैलासारखा सजवला.

आणि पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर, असंही नाही. प्रोस्टेट ही पुरुषांच्या अंगातली ग्रंथी, असते अक्रोडाएवढी, लघवीच्या पिशवीखाली, गुदाशयाला अगदी चिकटून. वय झालं की फुगते, लघवीत जंतू झाले की सुजते, आणि आकडा वर जातो. शेजारच्या वावरातला धुरा पेटला तर आपल्या तुरीला झळ लागतेच, तसं आतड्याच्या सुजेचं इथंही काही होत असावं, असा जाणकारांचा कयास आहे. दीड महिन्यानं पुन्हा रक्त द्यायचं. त्याआधी दोन दिवस सायकल बंद, तिनंही आकडा हलतो म्हणे. तेव्हाही जास्तच आला तर एमआरआय, आणि त्यात काही दिसलं तरच तुकडा काढून तपासणी.

माझं झालं. आता तुझं.

पोळ्याला तू आला होतास तेव्हा रात्री मी जागाच होतो. तू पाच वेळा उठलास. दर वेळी संडासात बादली दोनदा ओतल्याचा आवाज आला. बापू, तो आवाज मी ओळखतो. 2005 पासून तीन वर्षं मी असाच दोनदा पाणी ओतत होतो, रक्त तुझ्या आईला दिसू नये म्हणून. मूळव्याध समजून आठवडी बाजारातून पुड्या आणायचो. एका डॉक्टरनं न तपासताच ‘होय, मूळव्याधच’ म्हटलं आणि मला तेच ऐकायचं होतं. शेवटी फळ्यासमोर भोवळ आली, हिमोग्लोबिन सहावर, दोन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा कुठं दुर्बीण आत गेली आणि नाव कळलं.

घरात एकाला हा आजार असला तर पोरांना होण्याची शक्यता थोडी जास्त असते, आणि सुरू होतो तो बहुतेक तुझ्याच वयात. ‘कंपनीच्या कँटीनचं तेल’ हे मला सांगू नको. माझ्याकडेही तशी कारणं होती. पुण्यात पोटाच्या डॉक्टरकडे जा. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, आतड्यात सूज आहे का ते कळतं, रक्ताची असते, आणि गरज पडली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे तीच दुर्बीण. आदल्या दिवशीचं ते पोट साफ करायचं पाणी सोडलं तर तिच्यात काही नाही. अंगदुखीच्या गोळ्या खातोस ना, त्या बंद कर, असल्या आतड्याला त्या चिडवतात. पीएसए मात्र तुझ्या वयाला लागत नाही, उगाच करू नको.

चौदा तारखेला माझं दुसरं रक्त आहे. तू ये. एसटीनं ये, रात्री गाडी चालवत येऊ नको. माझा कागद मी आणतो, तुझा तू आण.

आईला बादलीचं अजून सांगितलेलं नाही.

तुझे
बाबा